कमानीखालचं माणूस

लोणखेडं हे हट्ट्याच्या पुढं, वसमतच्या रस्त्याला लागून असलेलं गाव. तिथं कुणी चाँदबीचं घर विचारलं तर लोक घटकाभर विचारात पडत, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडे. "कमानगराची चाँदबी का? मग तसं बोला की!" म्हणून ते थेट दारापर्यंत आणून सोडत. चाँदबीला याचं कधी वाईट वाटलं नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून या नावाचा तोरा नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त होता.

कमानगर म्हणजे कमान बनवणारा. ही कमान दारावरची नव्हे, लढाईतली. लाकूड, शिंग आणि आतड्याची तात जोडून केलेली, तीर सोडायची. तिचा नवरा जमील मिस्त्री सांगायचा की आमचा पणजा निजामाच्या फौजेला कमानी पुरवायचा. निजामाच्या फौजेत तर बंदुका होत्या, असं कुणी शहाण्यानं म्हटलं की जमील जराही न डगमगता म्हणे, "मंग पणज्याचा पणजा आसंल." हार मानणारा माणूस नव्हता तो. तर पुढं बंदुका आल्या, तीरकमानीला कुणी विचारेना, आणि त्या घराण्यानं हातोडी-छिन्नी उचलली. दारं, मशिदी, विहिरी, जिथं म्हणून दगड गोलात बसवायचा तिथं हे लोक हजर. धंदा बदलला, नाव राहिलं. जमीलच्या मते धंदासुद्धा बदलला नव्हता. "आधी लाकूड वाकवायचो, आता दगड वाकवतो," असं तो म्हणे, आणि ऐकणारा हसला की खूश होई.

दगड जमीलचा आणि चुना चाँदबीचा, अशी त्या घरातली वाटणी होती. चुना भिजवायचा, चाळायचा, बैलघाणीत मळून घ्यायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर किती घालायचा, हे सगळं तिच्या हातात. तयार माल ती दोन बोटांत घेऊन चोळी आणि नाक मुरडून म्हणे, "आजून न्हाई." मग जमीलची काय टाप होती एक दगड बसवायची! बांधकाम झालं की चुन्यानं धरलं की नाही हे बघायचं कामही तिचंच. सांध्यात अंगठ्याचं नख रोवून ती ओढायची. ओरखडा उमटला तर अजून थांबा, नाही उमटला तर झालं काम. मापाची पट्टी जमीलजवळ असे, पण शेवटचा शब्द तिच्या नखाचा. आमच्याकडच्या उन्हात हे नख कधी खोटं ठरलं नाही.

या घराची एक रीत होती. कमान बांधताना खाली लाकडाचा गोल साचा उभा करतात. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे, मधोमध चावीचा दगड ठोकून बसवायचा आणि चुन्यानं धरलं की खालचा साचा काढून घ्यायचा. तो काढतानाची वेळ मोठी वाईट. तोवर कमान लाकडावर झोपलेली असते, आता तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. कमानगरांच्या घरात त्या वेळी घरातलं एक माणूस कमानीखाली बसायचं. मजूर चालत नसे, पाहुणा चालत नसे, आपल्याच रक्ताचं किंवा आपल्याच चुलीवर जेवणारं माणूस लागे. जमीलचा बाप बसला होता, जमील बसला होता. फरदीन झाल्यावर चाँदबी त्याला मांडीवर घेऊन बसू लागली. एकुलतं एक पोर, लग्नानंतर किती वर्षांनी झालेलं. शेजारच्या बाया तोंडावर बोलत, "तुला काळीज हाये का न्हाई?" चाँदबी म्हणे, "काळीज हाये म्हणूनच तर बसते. माझ्या चुन्यावर माझा भरोसा हाये."

नव्वद सालची गोष्ट. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही सगळे परभणीत होतो. जवळच्या एका गावात महादेवाच्या देवळाच्या दाराची कमान जमीलनं बांधली होती. फरदीन तेव्हा मांडीत मावण्याच्या पलीकडं गेलेला. जमील म्हणाला, आता याला एकट्याला बसू दे. साच्याखालच्या पाचरी काढायला माणसं उभी राहिली, गाव जमलं, आणि पोरगं रडकुंडीला आलं.

"अम्मी, मला भ्याव वाटून राहिलं."

जमील पाचरींकडं बघत होता. बोलली ती चाँदबी. पदरानं त्याचं नाक पुसत ती म्हणाली, "आपल्या हातानं केलेल्या कामावर आपलाच भरोसा न्हाई, तर दुनियेनं काहून ठेवावा? जा, बस."

पोरगं जाऊन बसलं, गुडघ्यात तोंड खुपसून. पाचरी निघाल्या, साचा खाली सरकला, दगडांनी एकमेकांत बसताना एक बारीक आवाज केला, थोडी माती झडली आणि कमान उभी राहिली. फरदीननं डोळे उघडले, वर बघितलं आणि असं काही हसला की देवळातल्या पुजाऱ्यानं नारळाचा पहिला तुकडा देवाआधी त्याच्या हातावर ठेवला. चाँदबीची मान तेव्हा जी ताठ झाली ती कितीतरी दिवस खाली आली नाही. खोटं कशाला बोला, तिला भीती वाटलीच नव्हती. तिनं सकाळी नख मारून बघितलं होतं.

त्यानंतर दिवस फिरले. त्र्याण्णवला भूकंप झाला. किल्लारी आमच्यापासून लांब, पण भीतीला अंतर कुठं कळतं! दगडाच्या घरात झोपायला माणसं तयार होईनात. दगडी कमानीचं नाव काढलं की गिऱ्हाईक कानावर हात ठेवी. जिकडंतिकडं सळई आणि स्लॅब आला. जमील सेंटरिंगच्या कामाला जाऊ लागला, आणि तिथं त्याला कुणी कमानगर म्हणत नसे, "ओ चाचा" म्हणत. फरदीन शाळा सुटल्यावर वसमतला एका गॅरेजात लागला, ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या वाकड्या पोलादी पट्ट्या, बदलायला. जमीलला यातसुद्धा आनंद. "बघ, कमानीनं घर सोडलं न्हाई," असं तो बायकोला सांगे. चाँदबी म्हणे, "पोराच्या हाताला ग्रीस लागून राहिलं, तुमाला कमान सुचून राहिली."

दोन हजार एकला फरदीन फौजेत भरती झाला. वसमतच्या मैदानात पळून पळून त्यानं छाती काढली होती. ट्रेनिंग संपवून तो वर काश्मीरच्या बाजूला गेला, आणि गावातल्या शिवहारच्या एसटीडी बूथवर त्याचे फोन येऊ लागले. शिवहार हा चाँदबीला भाभी म्हणायचा, तोंडानं फाटका पण माणूस लाख. फोन आला की तो बूथ उघडा टाकून चाँदबीला बोलवायला पळे, आणि ती बोलत असेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाला आत येऊ देत नसे.

"अम्मी, मी उत्तर कमानीत हाये," फरदीननं पहिल्याच फोनवर सांगितलं.

"तिथं बी कमानच का रे?" चाँदबी म्हणाली. मग त्यानं समजावलं की ही दगडाची नाही. तिकडच्या सगळ्या फौजेचा जो एक कारभार असतो, त्याला कमान म्हणतात. चाँदबीनं घरी येऊन जमीलला सांगितलं आणि जमील दिवसभर गावात सांगत फिरला. तीरकमान, दाराची कमान, ट्रकची कमान आणि आता फौजेची कमान! चार कमानींचा मालक झाल्यासारखा तो चालत होता. लोकांनी थट्टा केली, त्यानं ती आनंदानं करून घेतली. ते दिवस त्या घराचे शेवटचे चांगले दिवस होते.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात एक फोन आला. आवाज तुटत होता, पण फरदीन खुशीत होता. त्यांच्या चौकीवर राहायच्या बंकरचं छत बर्फाच्या ओझ्यानं बसलं होतं. वर छताला पुरेल एवढं लाकूड नाही, रिकाम्या पेट्यांच्या फळ्या तेवढ्या; पत्रे यायला उशीर, दगड मात्र हवे तेवढे. तर हा साहेबाला म्हणाला होता, मी दगडाची कमान टाकतो, छताची काळजी नको. साहेब म्हणाला, टाक.

"चुना कुठून आणला रे?" चाँदबीनं विचारलं.

"चुना न्हाई अम्मी, शिमिट हाये."

"शिमिट आसू दे न्हाई तर आनिक काय आसू दे, घाई करू नको. नख मारून बघ, मंग साचा काढ."

"बघतो ना. आन् खाली बसावं लागंल का इथं बी?" तो हसत होता.

"लागंलच," चाँदबी म्हणाली. तीसुद्धा हसत होती. "कमानगराचा हायेस का कोनाचा?"

त्यानंतर फोन आला तो पलटणीतून, शिवहारलाच. शिवहार त्या दिवशी पळत आला नाही. चालत आला, आणि दारात येऊन नुसता उभा राहिला. त्याच्या तोंडाकडं बघून चाँदबीनं हातातली परात खाली ठेवली.

मयत आली, झेंड्यात गुंडाळलेली. हट्टा, वसमत, जवळा बाजारपासून माणसं लोटली. बंदुकीच्या फैरी झडल्या, भाषणं झाली, लोणखेड्याचं नाव पेपरात आलं. चौकीवर कर्तव्य बजावताना वीरमरण, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं होतं. गावानं मनाशी ठरवून टाकलं की शत्रूचा गोळा पडला असणार. चाँदबीनंही तेच धरलं. दुश्मनानं मारलं, तर दुश्मनाला शिव्या देता येतात. रोज पहाटे ती त्या न पाहिलेल्या माणसाला शिव्या देई आणि मग चूल पेटवी.

उन्हाळ्यात मोहनसिंग आला. तो नांदेडकडचा शीख, फरदीनच्या तुकडीतला जोडीदार, सुट्टीवर घरी चालला होता. अंगणातल्या बाजेवर बसून त्यानं फरदीनचं घड्याळ आणि स्वेटर पुढं ठेवला. पोरगा सरळ होता. आईबापाला सगळं ठाऊक असेल असं समजून तो बोलत गेला.

"चाचा, क्या कमान बनाई थी उसनं! तिथं घडवायला कुठं जमतंय, ओबडधोबड धोंडे, मधी सिमेंट जाडजाड भरलं. पण उभी केली. दोन-तीन दिवस गेले, दगडासारखं टणक झालं. त्यानं नख मारून बघितलं, ओरखडा बी उमटला न्हाई. आमाला म्हनला, पक्कं झालं."

जमीलनं मान वर केली. चाँदबी उंबऱ्यात बसली होती.

"ते पक्कं नव्हतं चाचा," मोहनसिंग म्हणाला. "गोठलं होतं. त्या थंडीत पानी पडलं की दगड होतंय. सिमेंटनं धरलंच नव्हतं, आतलं पानी बर्फ होऊन बसलं होतं. नंतर साहेबानं सांगितलं तवा आमाला कळलं. आमी साचा काढला तवा दुपार होती, चांगलं ऊन पडलं होतं, आतला बर्फ सुटून राहिला होता. मी म्हनलो, फरदीन, बाहेर ये. तो म्हनला, न्हाई, आमच्याकडं बसावं लागतंय. आपल्या हातानं केलेल्या कामावर आपलाच भरोसा न्हाई, तर दुनियेनं काहून ठेवावा. असं म्हनला आन् बसला. साचा निघाला, तवा उभी होती. तो वर बघून हसला बी. मंग..."

त्यानं घड्याळ जमीलच्या जवळ सरकवलं. पुढचं सांगायची गरज नव्हती.

अंगणात शेळी ओरडत होती. चाँदबी स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडं बघत होती. तिच्या तोंडून शब्द फुटणार, तेवढ्यात जमील घाईनं बोलला, फार घाईनं.

"व्हय. मीच सांगायचो त्याला तसं. नखाचं बी मीच शिकवलं. आमच्या वालिदचं बोलनं हाये ते."

मोहनसिंगनं मान हलवली. त्याला काय माहीत! तो चहा घेऊन, पाया पडून गेला. जमीलनं त्याला फाट्यावर बसमध्ये बसवून दिलं आणि परत आला तेव्हा चाँदबी उंबऱ्यात तशीच बसलेली होती.

"तुमी खोटं काहून बोलले?" तिनं विचारलं.

"काय खोटं?"

"बोलनं माझं होतं. नख माझं होतं. फोनवर बस म्हनून मीच म्हनले. माझ्या तोंडानं गेलं ना माझं लेकरू?"

जमील तिच्यासमोर खाली बसला. हा माणूस आयुष्यात कधी हळू बोलला नव्हता, दगडावर काम करणारे सगळेच ओरडून बोलतात. पण त्या दिवशी तो हळू बोलला. "चाँद, ऐक. बसनं जरूरीच होतं. कुनी बसल्याबगर कमान खरी होत न्हाई. माझा बाप बसला, मी बसलो, तू बसली. त्यानं बराबर केलं. थंडीनं दगा दिला, तू न्हाई दिला. बसनं चूक नव्हतं."

"खरंच जरूरी आसतं?"

"आसतंच," जमील म्हणाला.

चाँदबीनं ते धरलं. बुडत्या माणसाला जे हाताला लागेल ते तो धरतो, तसं तिनं हे धरलं. लेकरू गेलं, पण खुळ्यासारखं गेलं नाही. जे करायलाच हवं होतं ते करताना गेलं. त्याच्या बापानं केलं, आज्यानं केलं, तेच त्यानं केलं. पहाटे उठल्यावर शिव्या द्यायला आता दुश्मन उरला नव्हता. तेव्हा ती "बसनं जरूरीच होतं" हे एक वाक्य मनाशी म्हणायची आणि मग चूल पेटवायची. पण चुन्याला ती पुन्हा कधी शिवली नाही.

शिवहार पुढं सरपंच झाला आणि त्यानं ठरवलं की गावाच्या फाट्यावर फरदीनच्या नावाची कमान उभी करायची. गुत्तेदार सळई-सिमेंटची करून द्यायला तयार होता, दोन खांब आणि वर पाटी. जमील म्हणाला, "माझ्या पोराच्या नावाची कमान दुसऱ्यानं काहून बांधावी?" शिवहारनं समजावून बघितलं, वय झालंय, हात कापतात. पण ज्या माणसानं पणज्याच्या बाबतीत हार मानली नाही, तो इथं कुठं मानणार! त्यानं काळा दगड निवडून आणला, एकेक दगड स्वतः घडवला. माल दुसऱ्या बाईनं मळला. चाँदबी शेळ्या घेऊन फाट्यावर येई, लांब लिंबाखाली बसून बघे. दिवसेंदिवस दोन्ही बाजूंनी दगड चढत होते. जमीलनं त्यात जीव ओतला होता, हे कुणालाही दिसलं असतं. उन्हाळा सरता सरता चावीचा दगड बसला. सिमेंट नाही, चुनाच, आणि चुन्याला त्यानं भरपूर दिवस दिले. नख मारायला त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

साचा काढायच्या दिवशी सगळा गाव लोटला. हार आणले होते, लाउडस्पीकर लागला होता. पाचरी काढायला माणसं उभी राहिली, आणि शिवहार भाबडेपणानं बोलून गेला, "मिस्त्री, आता रीतीपरमानं कोन बसनार?"

शिवहारनं जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता.

"मीच बसनार," जमील म्हणाला आणि पुढं निघाला.

चाँदबी लिंबाखालून उठली. शेळ्या टाकून, माणसांतून वाट काढत ती थेट कमानीपाशी आली आणि नवऱ्याच्या आडवी उभी राहिली. "तुमी न्हाई. मी बसते."

"तू सरक."

"मी त्याला बसवलं. मीच बसनार."

जमीलनं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तो हादरला. ती कमान खरी करायला बसत नव्हती. ती पडावी म्हणून बसत होती. तिच्या मनात तेच होतं, तिनं ते कधी नाकारलं नाही. वरून दगड यावेत, लेकरावर आले तसे आपल्यावर यावेत, आणि हे एकदाचं संपावं. जमीलनं तिचा दंड धरला. तिनं त्याचा धरला. म्हातारा-म्हातारी भर गावासमोर एकमेकांना धरून उभी होती. ना तो तिला आत जाऊ देत होता, ना ती त्याला.

शिवहार रडवेला होऊन म्हणाला, "मिस्त्री, भाभी, कुनीच नका बसू. साचा तसाच काढू. काय व्हतंय?"

"न्हाई!" जमील इतक्या जोरात ओरडला की लाउडस्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं. "कुनी बसल्याबगर साचा निघनार न्हाई. कमानगराच्या घरात आसं झालं न्हाई."

तो असा का ओरडला हे गावाला कळलं नाही. लोक म्हणाले, म्हातारा हट्टी. चाँदबीला मात्र लख्ख कळलं. कुणी न बसता ही कमान उभी राहिली तर काय, हे त्याला बघायचं नव्हतं. तिलाही बघायचं नव्हतं. त्यानं हातोडी खाली टाकली आणि तिचा दंड तसाच धरून तिला घरी घेऊन गेला.

मग तो साचा तसाच राहिला. आज काढू, उद्या काढू, पण त्या दोघांपुढं विषय काढायची कुणाची छाती नव्हती. बैलगाड्या, टमटम, ट्रॅक्टर सगळे कमानीच्या बाजूनं नवी वाट पाडून जाऊ लागले. नव्या पोरांना वाटे, ही कमान अशीच असते, खाली लाकूड भरलेली. जमील अधूनमधून जाऊन लाकडं तपासे, टेकूची एखादी थुनी नवी लावून येई. पुढं पुढं त्याची नजर गेली तरी तो हातानं चाचपून बघे. घरात त्या कमानीचं नाव निघत नसे. ती दोघं एका ताटात जेवत, एकमेकांची दुखणी काढत, आणि ते एक वाक्य दोघांच्या मध्ये पाण्याच्या माठासारखं जपून ठेवलेलं असे.

दोन हजार चौदाला जमील गेला. शेवटच्या आजारात एकदा त्यानं तिला जवळ बोलावलं. तिला वाटलं, पाणी मागतोय.

"जरूरीच आसतं बरं का," तो म्हणाला.

"व्हय," चाँदबी म्हणाली. "मला म्हाईत हाये."

त्याच्यामागं ती शेळ्या राखून एकटी राहिली. थुन्या बघायला आता कुणी नव्हतं. लाकडाला वाळवी लागली. ग्रामपंचायतीत दोनदा चर्चा झाली, पण शिवहार हात लावू देईना. भाभी आहे तोवर नाही, असं तो म्हणे. वाळवीला मात्र कुणाची भीड नव्हती.

ते असं झालं. दिवाळीनंतरचे दिवस होते, शेतांतून सोयाबीनच्या काढण्या संपल्या होत्या. दुपारी चाँदबी फाट्याच्या अलीकडं बांधावर शेळ्या चारत होती. एकाएकी मोठा कडकडाट झाला, धूळ उठली, आणि चहाच्या टपरीवरची माणसं ओरडत पळाली. "कमान गेली! कमान गेली!" चाँदबी शेळ्या टाकून धावत सुटली, त्या वयात, अनवाणी.

धूळ खाली बसेपर्यंत कुणाला काही दिसेना. मग दिसलं. साचा कोसळला होता. वाळवीनं पोखरलेल्या फळ्या, थुन्या, पाचरी, सगळ्याचा ढीग रस्त्यावर पडला होता. आणि वर कमान उभी होती. एक दगड हलला नव्हता, सांध्यातून चिमूटभर चुना झडला नव्हता. तिच्या गोलातून पलीकडचं आभाळ आणि वसमतकडं जाणारा रस्ता पहिल्यांदाच दिसत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवहार धापा टाकत आला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "भाभी, बघा! बघा मिस्त्रीचं काम! कुनी खाली बसलं न्हाई, काही न्हाई, तरी कशी उभी..."

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो आनंदातच होता. पण चाँदबीचं तोंड बघून त्याचा हात हवेतच राहिला.

ती कमानीकडं बघत होती. खाली कुणी नव्हतं. ना जमीलचा बाप, ना जमील, ना ती, ना तिचं पोर. नुसती लाकडं होती, आणि कमान उभी होती. देवळाची ती कमानही अशीच उभी राहिली असती. ती ज्या ज्या कमानींखाली बसली होती त्या सगळ्याच अशाच उभ्या राहिल्या असत्या. आणि जी पडायची होती ती बसूनही पडलीच. बर्फातल्या त्या दुपारी मोहनसिंगनं बाहेर ये म्हटलं तेव्हा तो बाहेर आला असता, तर दगड पडले असते, पोरं हसली असती, साहेब चार शब्द बोलला असता, आणि संध्याकाळी फोन आला असता, अम्मी, माझी कमान पडली.

ती रस्त्यातच खाली बसली, कमानीपासून लांब, धुळीत. मयत आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बायांनी तिला धरलं, कुणी पाणी आणलं, शिवहार भाभी भाभी करत राहिला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

"बसायचं कामच नव्हतं रे," ती म्हणत होती. "लेकरा, बसायचं कामच नव्हतं."